हुमणीसाठी सूत्रकृमी सोडताना: क्रम चुकला की पुडा वाया

“सूत्रकृमी सोडले, हुमणी जशीच्या तशी.” हुमणी म्हणजे पिकाची मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी, आणि सूत्रकृमी म्हणजे तिच्या अंगात शिरून तिला मारणारे सुतासारखे बारीक जीव; ते भुकटीच्या पुड्यात मिळतात. निफाडच्या ऊसवाल्यांपासून येवल्याच्या मकेवाल्यांपर्यंत ही तक्रार ऐकू येते. खोदून विचारलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते. जिवंत जिनसेला औषधाच्या पावडरीसारखं वागवलेलं असतं. पुडा आठवडाभर दुकानाच्या पत्र्याखाली, मग मोटरसायकलच्या डिकीत, मग भर दुपारी एचटीपी (जास्त दाबाच्या) पंपातून कोरड्या जमिनीवर. जमिनीत पोचेपर्यंत पुड्यातले निम्मे-अधिक जीव मेलेले असतात, आणि दोष सूत्रकृमींवर येतो.

खालच्या पायऱ्या दिल्या त्याच क्रमाने करा. एखादी जमणार नसेल तर पुढची करून फायदा नाही; त्या वर्षी पुडा विकत न घेतलेला बरा.

## आधी गोगलगायीचा घोळ मिटवू

पावसाळ्यात भाजीच्या रोपवाटिकेत किंवा सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवर गोगलगायी दिसल्या की “त्यावर पण सूत्रकृमी चालतात ना?” असा प्रश्न येतो. चालतात, पण ते वेगळे. इंग्लंडमध्ये १९९४ पासून शेंबड्या गोगलगायींसाठी फॅस्मऱ्हॅबडायटिस हर्मॅफ्रोडिटा नावाचा सूत्रकृमी विकला जातो. तो थंड, ओल्या जमिनीचा आणि लहान, बिनशंखाच्या गोगलगायींचा. आपल्याकडे २०२२ मध्ये लातूर-बीडकडे सोयाबीन फस्त करणारी मोठी आफ्रिकन शंखी गोगलगाय त्याला दाद देत नाही; आत शिरलेल्या सूत्रकृमींना ती शंखाच्या आतल्या बाजूला चिकटवून कोंडून टाकते.

आपल्या दुकानात हुमणीसाठी म्हणून मिळतात ते हेटेरोऱ्हॅबडायटिस किंवा स्टायनरनेमा. हे किडे मारणारे सूत्रकृमी आहेत. गोगलगायीवर ओतले तर पैसे मातीत. गोगलगायीसाठी संध्याकाळी ओल्या गोणपाटाखाली जमवून वेचणं हाच पहिला उपाय. वेचताना हातमोजे घाला, कारण तिच्या अंगात माणसाला बाधणारे परजीवी असू शकतात. गरजच पडली तर मेटाल्डिहाइडच्या गोळ्या लेबलप्रमाणे टाका, पण कुत्री आणि जनावरं तिकडे फिरकणार नाहीत अशा जागी.

इथून पुढे फक्त हुमणी.

## १. खड्डा खणून खात्री करा

पीक पिवळं पडलं म्हणजे हुमणीच, असं नाही. वाळवी, मूळकूज, मर, पाण्याचा ताण, सगळ्यांत पानं पिवळीच पडतात. शेतात वेगवेगळ्या आठ-दहा जागी एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डे घ्या. त्यातले निम्मे पिवळ्या पट्ट्यांच्या कडेला घ्या. अगदी मेलेल्या झाडाखाली मुळंच उरलेली नसतात, त्यामुळे हुमणी तिथून पुढच्या झाडाकडे सरकलेली असते. माती पोत्यावर पसरून हाताने चाळा.

हुमणीची अळी पांढुरकी, डोकं तपकिरी, पायांच्या तीन जोड्या, आणि हातात घेतली की अर्धगोल वळते. पण उकिरड्यातल्या आणि कच्च्या शेणखतातल्या अळ्याही अशाच दिसतात. त्यातल्या बऱ्याचशा कुजलेलं खाणाऱ्या असतात, पिकाची मुळं त्या खात नाहीत. एक सोपी पारख आहे: अळी सपाट पाटीवर सोडा. उताणी होऊन पाठीवर सरकत चालली तर ती शेणखतातली, तिला सोडून द्या. पोटावर किंवा कुशीवर पडून पायाने धडपडत राहिली तर पुढे चला.

प्रत्येक खड्ड्यात किती अळ्या आणि केवढ्या, हे वहीत लिहा. शेवटी निकाल काढताना हीच नोंद लागणार आहे. आकाराला संख्येइतकंच महत्त्व आहे, ते का हे पुढच्याच पायरीत येतं.

तपासा: आठ-दहा खड्ड्यांत एकही मुळं खाणारी अळी सापडली नाही, तर इथेच थांबा. पिवळेपणाचं कारण दुसरं आहे.

## २. वेळ भुंगेऱ्यांवरून ठरवा

आपल्याकडच्या हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. मे-अखेर ते जूनमधला पहिला जोरदार पाऊस पडला की तिन्हीसांजेला भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर जमतात. पानं खातात, जोड्या लागतात, आणि पहाटेआधी पुन्हा जमिनीत शिरतात. तिथेच अंडी घातली जातात. साधारण दोन आठवड्यांत अंडी फुटून बारीक अळ्या निघतात. सुरुवातीला त्या कुजलेला पाला आणि केसासारखी बारीक मुळं खातात. खरं नुकसान ऑगस्टनंतर, अळी करंगळीएवढी जाड झाल्यावर होतं. शेतकऱ्याचं लक्षही नेमकं तेव्हाच जातं.

सूत्रकृमींचा मारा लहान अळीवर बसतो. मोठी, चरबी भरलेली अळी दणकट असते आणि बरेचदा खोलवर असते. म्हणून बांधावरच्या कडुनिंबावर भुंगेऱ्यांची मोठी झुंबड दिसली तो दिवस लिहून ठेवा आणि तिथून चार ते सहा आठवड्यांनी सूत्रकृमी सोडा. नाशिक जिल्ह्यात हा काळ ढोबळमानाने जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य असा येतो. पाऊस लांबला तर तारीखही लांबते, म्हणून कॅलेंडरपेक्षा झाडावर भरवसा ठेवा.

उरलेल्या अळ्यांसाठी तीन-चार आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी लागू शकते. खरेदीच्या वेळीच तिचा हिशेब धरा, पण दोन्ही पुडे एकदम आणून ठेवू नका.

इशारा: नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये “आता बाग मोकळी आहे, सोडून टाकू” असा विचार करू नका. तोवर बहुतेक अळ्या कोषात गेलेल्या असतात, आणि निफाडच्या थंडीत गारठलेल्या मातीत हे उष्ण प्रदेशातले सूत्रकृमी हालचालच करत नाहीत.

## ३. पुडा निवडताना

दुकानात “जैविक नेमॅटोड” म्हटलं की कधी कधी भलतीच बाटली हातात येते. नाशिकच्या द्राक्ष, डाळिंब आणि टोमॅटो पट्ट्यात मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा त्रास मोठा आहे, आणि त्यांना मारणारी जैविक औषधंही त्याच फळीवर असतात. आपल्याला हवंय नेमकं उलट. लेबलवर हे पाहा:

- प्रजातीचं पूर्ण नाव. हुमणीसाठी हेटेरोऱ्हॅबडायटिस इंडिका पहिली पसंती. ही प्रजाती मातीत फिरून अळी शोधते आणि आपल्या उन्हाळी-पावसाळी तापमानात टिकते. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने याच प्रजातीची पाण्यात कालवायची भुकटी हुमणीसाठी विकसित केली आहे.
- पुड्यात संसर्गक्षम पिल्लं (अळीच्या अंगात शिरू शकणारी सूत्रकृमीची पिल्लं) किती. नुसतं “१ किलो” हे माप उपयोगाचं नाही. किलोभर भुकटीत जिवंत किती, ते महत्त्वाचं.
- उत्पादनाची तारीख आणि मुदत.
- साठवणुकीचं तापमान.

मात्रेचा ढोबळ मापदंड असा: जमिनीच्या दर चौरस सेंटीमीटरला २५ पिल्लं, म्हणजे एकरी सुमारे १०० कोटी. पुड्यावर २० कोटी लिहिलं असेल तर एकराला पाच पुडे. लेबलवरचा एकरी डोस आणि हे गणित यांत फार तफावत दिसली तर दुकानदाराला विचारा; उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं दुकान बघा. उसासारख्या रुंद सरीच्या पिकात फक्त ओळीच्या पट्ट्यात सोडलं तर एकूण संख्या कमी लागते, पण त्या पट्ट्यातली दाटी तेवढीच राहिली पाहिजे. एक पुडा वाचवण्यासाठी पातळ करून सगळीकडे शिंपडलं की कुठेच काम होत नाही.

आणताना थर्मोकोलच्या डब्यात आणा. उन्हात उभी केलेली गाडी, डिकी, पत्र्याची शेड, तिन्ही वर्ज्य. घरी आणल्यावर लेबल सांगेल त्या तापमानात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात तर कधीच नको. इंडिका गरम मुलखातली प्रजाती आहे, फार थंडीही तिला मानवत नाही. सगळ्यांत बरं म्हणजे आणल्याच्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी वापरून टाका.

## ४. जिवंत आहेत का, हे आधी पाहा

ही पायरी जवळजवळ कोणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात.

चिमूटभर भुकटी वाटीभर गार पाण्यात टाका, अर्धा तास थांबा. वाटीच्या तळातलं थेंबभर पाणी काचेवर घेऊन चांगल्या भिंगाखाली धरा. पिल्लू साधारण अर्धा मिलिमीटर लांब असतं, म्हणून साध्या चष्म्याने दिसणार नाही. कृषी विज्ञान केंद्रात किंवा गावच्या शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक मिळाला तर उत्तम. जिवंत पिल्लं नागमोडी वळवळतात. सुईसारखी सरळ, ताठ पडलेली बहुतेक मेलेली. थंड जागेतून काढलेली पिल्लं जरा वेळ सुस्त असतात, म्हणून अर्धा तास द्यायचाच.

भिंग नसेल तर अळीवरच परीक्षा घ्या. झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात दोन मुठी ओलसर माती घ्या, त्यात थोडं सूत्रकृमीचं पाणी घाला आणि शेतातल्या पाच-सहा लहान हुमण्या सोडा. दुसऱ्या डब्यात तेवढ्याच हुमण्या नुसत्या पाण्याच्या मातीत. दोन्ही डबे घरात सावलीला. चार-पाच दिवसांत पहिल्या डब्यातल्या अळ्या मऊ पडून विटकरी-लालसर झाल्या आणि दुसऱ्यातल्या धडधाकट असतील, तर माल चांगला. या परीक्षेसाठी आठवडाभर आधी एक छोटा पुडा आणावा लागतो. एकराच्या खर्चापुढे तो खर्च काहीच नाही.

तपासा: भिंगाखाली निम्म्याहून अधिक ताठ दिसले तर पुडा परत करा. मात्रा दुप्पट करून भागवू नका.

## ५. जमीन तयार करा

सूत्रकृमी मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून सरकतात. माती कोरडी असेल तर ते जागेवरच वाळतात. माती पाण्याने तुंबली असेल तर हवेविना गुदमरतात. वाफशापेक्षा किंचित जास्त ओल, ही योग्य स्थिती. मूठभर माती दाबली की लाडू वळावा, पण बोटांतून पाणी गळू नये.

सोडायच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी हलकं पाणी द्या. इगतपुरी-त्र्यंबककडे उलट अडचण असते. तिथे पाऊस ओसरून शेतात साचलेलं पाणी निघून जाईपर्यंत थांबावं लागतं. येवला, नांदगाव, चांदवडकडे ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतो. तिथे विहिरीत दोन आठवडे पुरेल एवढं पाणी नसेल तर सूत्रकृमींच्या नादाला लागू नका.

काळी, चिकण माती असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. अशा मातीतल्या पोकळ्या फार बारीक, त्यामुळे सूत्रकृमी फार लांब जात नाहीत. सिन्नरच्या हलक्या, पोयट्याच्या रानात ओळीजवळ सोडले तरी ते पसरतात. गोदाकाठच्या भारी रानात मात्र थेट बुडख्याशीच सोडावे लागतात. काळ्या रानात बुडाभोवतीची माती खुरप्याने हलकी मोकळी करून घ्या.

तण आणि कोळपणी आधी उरका. सोडल्यावर लगेच कोळपलं तर खालची ओली माती सूत्रकृमींसकट वर येऊन वाळते.

इशारा: आधीच्या पंधरा दिवसांत जमिनीतून क्लोरपायरीफॉस किंवा कार्बोफ्युरानसारखं औषध दिलं असेल तर थांबा. मुळांच्या गाठींसाठी फ्लुओपायरमसारखं सूत्रकृमीनाशक दिलेल्या रानात तर हे सोडूच नका. त्या औषधाला चांगला आणि वाईट सूत्रकृमी यांतला फरक कळत नाही.

## ६. पंप, टाकी आणि पाणी

- टाकी आणि बादल्या सोड्याने तीन वेळा धुवा. तणनाशकाची टाकी वापरू नका, धुतलेली असली तरी.
- पाणी गार हवं. उन्हात तापलेल्या काळ्या टाकीतलं किंवा तापलेल्या पाइपातलं पाणी आधी सोडून द्या. नगरपालिकेचं क्लोरीनचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवा.
- पंपातल्या बारीक जाळ्या काढा. नोझलचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा मोठं हवं. आळवणीच (बुडाशी ओतणंच) करायची असल्याने नोझल काढून टाकलेलं अधिक चांगलं.
- दाब २० किलोच्या खाली ठेवा. एचटीपी पंपात पाणी पुन्हा पुन्हा फिरून तापतं आणि त्या घुसळणीत पिल्लं फाटतात. पाठीवरचा साधा पंप किंवा मग-बादली हेच बरं. ब्लोअरचा तर विषयच नको.

टाकीत दुसरं काही मिसळू नका. ना खत, ना स्टिकर, ना बुरशीनाशक. “एकाच फेरीत होऊन जाईल” या हिशेबात फेरीच फुकट जाते. मेटाऱ्हायझियम (हुमणीला मारणारी बुरशी) द्यायचं असेल तर तेही वेगळ्या दिवशी द्या. दोन्हींचं एकमेकांशी वैर नाही, पण टाकी स्वतंत्र हवी.

## ७. सोडणं

वेळ संध्याकाळची, ऊन पूर्ण कलल्यावर. थेट ऊन लागलं तर ही पिल्लं काही मिनिटांत मरतात. दिवसभर ढग असले तरी संध्याकाळच धरा, कारण नंतरची रात्र हाच त्यांना मातीत उतरायला मिळणारा वेळ असतो.

भुकटी आधी बादलीत पाच लिटर पाण्यात हाताने सावकाश कालवा. दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या. गुठळ्या राहिल्या तर चहाच्या मोठ्या गाळणीतून काढा. फडक्याने गाळू नका. मग टाकीत ओता. एकरी ४०० लिटर पाणी धरलं तर १५ लिटरचे साधारण २७ पंप होतात. भुकटी २७ भागांत विभागण्यापेक्षा दोनशे लिटरच्या दोन टाक्या करा आणि त्यातून पंप भरत जा.

पिल्लं जड असल्याने तळाला बसतात. प्रत्येक पंप भरण्याआधी काठीने टाकी तळापासून ढवळा. इथे आळस झाला की पहिल्या दहा सऱ्यांना नुसतं पाणी आणि शेवटच्या दोन सऱ्यांना सगळे सूत्रकृमी मिळतात. कालवलेलं पाणी दोन-तीन तासांत संपवा. “उरलेलं उद्या सकाळी” असं करू नका. म्हणून एका संध्याकाळी माणसांच्या हातून जेवढं होईल तेवढंच कालवा.

उसात धार बुडख्याशी, मुळांच्या पट्ट्यात धरा. मका-सोयाबीनमध्ये ओळीच्या बाजूने. पानांवर पडलेलं पाणी वाया जातं, म्हणून भरलेल्या पिकात सोडल्यावर लगेच थोडं साधं पाणी मारून पानांवरचं खाली धुवा.

ठिबकमधून देता येतं का? येतं, पण मनासारखं समान वाटप होत नाही. लांब लॅटरलमध्ये (ओळीतल्या ठिबकच्या नळीत) शेवटाकडे पाण्याचा वेग मंदावतो आणि पिल्लं वाटेतच बसतात. वाढलेल्या उसात शिरायला जागाच नसेल तेव्हाच हा मार्ग घ्या. आधी वीस मिनिटं साधं पाणी चालवा, मग व्हेंचुरीतून (ठिबकच्या पाण्यात औषध ओढून घेणाऱ्या जोडणीतून) सूत्रकृमी सोडा, टाकी सतत ढवळत राहा, शेवटी पुन्हा साधं पाणी चालवून नळ्या मोकळ्या करा. बारीक जाळीचा फिल्टर तेवढ्यापुरता काढा. त्या आठवड्यात ठिबकला आम्ल किंवा क्लोरीनची धुलाई केली असेल तर आधी भरपूर पाणी सोडून घ्या.

## ८. पुढचे पंधरा दिवस

ओल टिकवणं एवढंच काम. हलक्या रानात तीन-चार दिवसांनी, भारी रानात सहा-सात दिवसांनी हलकं पाणी. पाऊस चालू असेल तर अर्थातच नको. पण पाट फोडून सरी तुडुंब भरणं दोन्ही रानांत टाळा. पाचट असेल तर ओळीत पसरून ठेवा, खालची माती गार राहते.

या काळात जमिनीतून कीटकनाशक, युरियाचा मोठा हप्ता किंवा ताजं कोंबडखत देऊ नका. पानांवरची फवारणी करायचीच असेल तर जमिनीवर निथळणार नाही इतपत करा.

गांडुळांची आणि पिकाच्या मुळांची काळजी नको. हे सूत्रकृमी मुळं खात नाहीत, आणि माणसाच्या अंगात वाढत नाहीत.

## ९. निकाल कसा पाहायचा

सोडतानाच शेताच्या मध्यात दोन ओळी काठ्या रोवून कोऱ्या ठेवा. तुलनेला काही नसलं की पाऊस चांगला झाला तरी श्रेय सूत्रकृमींना आणि ताण पडला तरी दोष सूत्रकृमींना.

सात ते दहा दिवसांनी दोन्हीकडे खड्डे घ्या. सूत्रकृमीने मेलेली अळी विटकरी-लालसर, मऊ, आणि विशेष म्हणजे तिला सडका वास नसतो. सूत्रकृमीच्या पोटातून अळीत उतरलेला जिवाणू बाकीच्या सडवणाऱ्या जंतूंना शिरकाव देत नाही. अळी हिरवट बुरशीने माखून कडक झाली असेल तर ते काम मेटाऱ्हायझियमचं. काळी पडून घाण वास येत असेल तर ती दुसऱ्याच कशाने मेली. मेलेल्या अळ्या लवकर विरघळतात, त्यामुळे कमी दिसल्या तरी चालतं. खड्ड्यागणिक जिवंत अळ्या किती कमी झाल्या, ते पहिल्या नोंदीशी ताडून पाहा.

लालसर अळ्या फेकू नका, तिथेच पुरा. दहा-चौदा दिवसांत त्यांच्यातून नवी पिल्लं बाहेर पडतात आणि ओल असेल तर शेजारच्या अळीकडे जातात.

मुळं कुरतडून गेलेली झाडं यानंतर हिरवी होतील अशी अपेक्षा धरू नका. फरक शेजारच्या अजून उभ्या असलेल्या झाडांत पाहायचा.

लहान अळ्या अजून सापडत असतील तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुसरी मात्रा द्या. सप्टेंबरच्या मध्यानंतर खड्ड्यात फक्त जाड, मोठ्या अळ्याच निघत असतील तर आणखी सूत्रकृमींवर खर्च करू नका. अशा रानात खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून येणारं पुढचं पीक) ठेवू नका, ऊस तुटल्यावर खोल नांगरट करा, आणि नांगरामागे बगळे-कावळे येतात त्यांना हाकलू नका. पुढच्या मे-जूनमध्ये बांधावरच्या कडुनिंबाखाली रात्री आठच्या सुमारास फांद्या हलवून पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात गोळा करा. ते एका शेतकऱ्याने करून भागत नाही. शिवारातल्या सगळ्यांनी त्याच आठवड्यात करावं लागतं.